दात बघून घेतलेलं मशीन

परवा नातीला लॅपटॉप घ्यायचा होता. चार दिवस ती मोबाईलवर बोट फिरवत बसली. ह्याचं वजन किती, त्याची बॅटरी किती वेळ चालते, लोकांनी कुणाला किती चांदण्या दिल्या. मी आपलं विचारलं, "अगं, हातात घेऊन, चालवून बघितलंस का?" तर हसली. "आजी, आता तसं नसतं. घरपोच येतो तो." पण चालवून बघितल्याबिगर वस्तू घ्यायची, ही गोष्ट काही माझ्या गळी उतरेना. माझंही एक मशीन होतं ना. मांडीवर घ्यायचं नव्हतं ते. घेतलं असतं तर मांडीच मोडली असती. ते निवडायला माझ्यासोबत माझे सासरे आले होते, आणि सासऱ्यांनी जन्मात बैलाशिवाय दुसरं काही निवडून घेतलं नव्हतं.

आमचं गाव पालमजवळ. जमीन कोरडवाहू, तीही भावाभावांत वाटून चिंधी झालेली. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या तोंडी माणसांची नावं नसायची, कोयते असायचे. "तुमचा कोयता येणार का?" असं विचारायचा. दहा हंगाम मी मोळ्या बांधल्या आणि डोक्यावर वाहिल्या. लेक तान्ही होती तोवर तिला पाचटावर निजवून काम करायचे. ती शाळेत जायला लागली आणि अवघड झालं. दसऱ्याआधी हजेरीत तिचं नाव, दसऱ्यानंतर ती फडावर. तिसरीच्या वर्गात ती दोनदा बसली. एका हंगामात तिला आजी-आजोबांपाशी ठेवून बघितलं, तर पोरगी तापानं फणफणली आणि आम्हाला ते आठ दिवसांनी कळलं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांचा काय दोष.

मी स्वतः सातवीपर्यंत शाळेत गेलेली. पुढचं माझं मीच शिकले. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दगडावर बसून पुस्तक वाचायची तेव्हा बायका म्हणायच्या, "बालिस्टर व्हायलीस का गं?" मी म्हणायची, "व्हायले. तुमच्या नवऱ्यांच्या केसी चालवते." सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. गणितानं एकदा पाडलं, दुसऱ्यांदा सोडलं. मग पावसाळ्याच्या महिन्यांत गंगाखेडला टायपिंगच्या क्लासला जायला लागले. एक तास मशीन मिळायचं. घरी कुठलं मशीन? मी एक पुठ्ठा घेतला, सदऱ्याचं बटण ठेवून गोल काढले, आणि क्लासातल्या मशीनवर जशी अक्षरं होती तशी एकेका गोलात लिहिली. भाकरी झाल्या की पुठ्ठा चुलीपाशी ठेवून मी बोटं चालवायची. आवाज नाही, कागद नाही. लेक शेजारी बसून म्हणायची, "आई, काय लिव्हलंस?" मी म्हणायची, "तुझ्या बापाची तक्रार." अशी करत करत मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले.

आणि त्या वर्षी जिल्ह्याच्या एका कचेरीचं बोलावणं आलं. टंकलेखक घ्यायचे होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परभणीला चाचणी. माझं वय त्यांच्या अटीत बसायचं ते तेवढंच वर्ष. पुढच्या साली अर्ज करायलाही उपयोग नव्हता. कागदाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की उमेदवारानं मराठी टंकलेखन यंत्र स्वतः आणावं, आणि त्यात काही बिघाड झाल्यास कचेरी जबाबदार नाही.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे बैलाला पाणी पाजत होते. म्हणाले, "म्हणजे नांगरायला बोलवायलेत आन् नांगर घरून आण म्हणायलेत?"

"तसंच की."

क्लासवाल्यांकडं तीनच मशीनं, ते बाहेर देईनात. इकडं मुकादम दोनदा येऊन गेला. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रक निघणार होता आणि त्याला आमच्या कोयत्याचा शब्द हवा होता. यांनी त्याला सांगितलं, "दसऱ्यानंतर बोलू." मुकादम म्हणाला, "बोलून काय, बायकूला सायब करणार हाईस का?" यांची मान लाल झालेली मी दारातून बघितली. मला नोकरी लागली तर कोयता सुटणार होता, पोरगी चौथीत टिकणार होती. नाही लागली आणि ट्रकही गेला, तर ते वर्ष काय खायचं, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

माझ्या दोन शेळ्या पालमच्या बाजारात गेल्या. आणि अष्टमीच्या दिवशी मी आणि मामा, म्हणजे सासरे, परभणीची एसटी धरून निघालो. हे म्हणाले होते, "माझ्या बापाला ने. त्यांना वस्तू पारखायचं कळतंय." पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की मामांना बाजारात घेऊन जायचे. अक्षर मात्र त्यांना एक येत नव्हतं. सही म्हणजे अंगठा.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला. कधी कुठं बंद होईल, कुठं दगड पडतील, सांगता यायचं नाही. परभणीत उतरलो तर बाजार अर्धाच उघडा. मशीनवाल्याच्या दुकानालाही निम्म्या फळ्या लावलेल्या. हा म्हातारा मुसलमान कारागीर होता, जुनी मशीनं दुरुस्त करायचा आणि विकायचा. आम्हाला बघून म्हणाला, "क्या होना, जल्दी बोलो चाचा. दोपहर कू बंद करना पड़ता शायद."

मामा उंबऱ्यावर बसले. पायातल्या वहाणा काढल्या, तंबाखूची चंची सोडली. म्हणाले, "जनावर घेताना घाई न्हाई करू मिस्तरी. दाखवा काय काय हाय ते."

विकाऊ दोनच होती. एक आपलं नेहमीचं, कचेरीत असतं तसलं काळं, अवजड धूड. दुसरं बघितलं आणि माझा जीवच त्याच्यावर गेला बघा. निळसर रंगाचं, एवढंसं, सूटकेससारख्या पेटीत बसणारं. पेटीला वर मूठ. धरली मूठ की चालायला लागायचं. मी उचलून बघितलं, लेकीच्या दप्तरापेक्षा थोडं जड. मनात चित्रच उभं राहिलं, मी इस्त्रीचं लुगडं नेसून पेटी हातात धरून कचेरीच्या पायऱ्या चढायले. म्हणलं, "मामा, हेच घेऊ."

"चालवून बघ आधी."

मिस्तरीनं कागद लावून दिला. मी डोळे मिटून बोटं ठेवली, क्लासात शिकवलं होतं तसं, आणि आमच्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा असा सगळा पत्ता मारला. डोळे उघडून बघते तर कागदावर सगळा चिवडा. ग च्या जागी भलतंच, काना कुठल्या कुठं. ह्या कंपनीच्या मशीनवर कळांची मांडणीच निराळी होती. असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं! मला वाटायचं, मराठी मशीन म्हणजे सगळीकडं एकच.

मामांना वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता आलं. "काय म्हणतंय?"

"मामा, हे माझं ऐकंना झालंय."

मिस्तरी म्हणाला, "आठ दिनां में हात बैठ जाता बहन. सब बैठते."

"मला चौथ्या दिवशी चाचणी आहे हो."

मामांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या हाताचं वळण लागलेलं जनावर हाय ते. दिसायला देखणं, पर नांगराला सरळ तास धरायचं न्हाई. ते दुसरं काढा."

मला रडूच आलं. ते दुसरं एसटीत कसं चढवायचं? परीक्षेला कसं न्यायचं? पण ते काळं धूड समोर आलं, बोटं ठेवली, आणि काय सांगू, पुठ्ठ्यावरचे सगळे गोल जागच्या जागी. पत्ता बरोबर उमटला. मी लगेच म्हणलं, "बरोबर आहे मामा, घेऊ." बाहेर कुठंतरी घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या. मिस्तरी एक फळी हातात धरूनच उभा होता.

मामा उठले. मशीनच्या समोर उकिडवे बसले, आणि खरंच सांगते, त्यात वाकून बघितलं. आतल्या दांड्या, ज्यांच्या टोकाला अक्षरं असतात, त्यांवरून बोट फिरवलं. "दात झिजलेले न्हाईत," म्हणाले. "आता पानभर चालव. थांबू नकोस."

"चाचा, ये बैल नहीं है, मशीन है."

"चालतंय त्याला चालवून बघायचं, मिस्तरी. बैल असो, गाडा असो."

मी पानभर मारलं. मामा डोळे मिटून नुसते ऐकत होते. घोषणा जवळ येत होत्या आणि माझी बोटं चुकत होती. निम्म्या पानावर त्यांनी हात वर केला. "एक पाय वढायलंय हे."

मिस्तरी चपापला. मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मला पुन्हा मारायला लावलं आणि एका कळेला बोट दाखवलं, "हे." तिथली दांडी उठायची, पण परत बसताना एक क्षण उशीर करायची. पाऊल टेकायच्या आधी अडखळल्यासारखी. मिस्तरीनं मशीन उचललं, पालथं केलं, बुडावर थापट्या मारल्या. खोडरबराचा भुसा, धूळ, एक टाचणी असं सगळं खाली पडलं. मग ब्रशनं साफ केलं. दांडी झरझर परत बसायला लागली.

मामा म्हणाले, "बैल लंगडायला लागला की मारत न्हाईत पोरी. आधी खूर उलटून बघायचं. खडा असतोय."

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, मिस्तरीच्या हातावर टाकलं आणि आत आपला हात घातला. बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मला वाटलं आता हा माणूस हसणार. पण तो हसला नाही. निजामाच्या वेळचा माणूस, त्यालाही ती भाषा येत होती. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. एकदा मिस्तरीनं मान हलवली, एकदा मामांनी. उपरणं निघालं. आत काय झालं ते त्या दोघांना माहीत. माझ्या शेळ्या पुरल्या एवढं खरं. आम्ही बाहेर पडलो आणि मागं सगळ्या फळ्या खडाखडा लागल्या.

मशीन पोत्यात घालून, तोंड सुतळीनं शिवून, मामांनी ते खांद्यावर घेतलं. ज्वारी घेऊन चाललेत असंच वाटावं. स्टँडवरून सुटलेली ती बहुतेक शेवटची गाडी असावी. आत माणसं गच्च, पण आवाज नाही. एरवी एसटीत बसल्या बसल्या कुठल्या गावचे, कुणाचे पाहुणे हे विचारून होतं. त्या दिवशी शेजारच्याचं आडनाव विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि न विचारता चैनही पडत नव्हतं.

पोखर्णीच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं रस्त्यावर टायर जळायलेत म्हणाले. पोलीस गाडीत चढले, पिशव्या तपासायला लागले. एका हवालदारानं आमच्या पोत्याला काठी लावली. आतून लोखंडाचा आवाज आला.

"काय हाय ह्यात?"

मामा म्हणाले, "मशीन."

"कसलं?"

"लिव्हायचं."

सगळी गाडी आमच्याकडं वळून बघायला लागली. हवालदार म्हणाला, "अस्सं. पत्रकं काढायलाव का? कोणत्या बाजूची?"

मामांना पत्रक म्हणजे काय ते ठाऊक नाही. ते म्हणाले, "उजव्या." बैल उजव्या बाजूचा का डाव्या, तेवढंच त्यांच्या डोक्यात. मी कचेरीचं पत्र काढलं. हवालदारानं उलटंसुलटं करून वाचलं, माझ्या हातांकडं बघितलं. ऊस सोलून सोलून माझ्या बोटांना भेगा, नखं काळी. म्हणाला, "ह्या हातानं टाईप? खाली उतरा दोघं."

पोत्याची शिवण उसवली. रस्त्याकडच्या एका सपाट दगडावर मशीन ठेवलं. त्यानं स्वतःच्या वहीतला एक कागद फाडून दिला. "मार बघू. मी सांगतो ते. वाहन थांबवून तपासले. आक्षेपार्ह काही आढळले नाही."

मी रस्त्यावर उकिडवी बसून मारलं. पुढं धूर, मागं गाडीतली सगळी माणसं खिडक्यांतून बघायलेली, आणि मी "आक्षेपार्ह"चा रफार शोधायले. चुकलं असतं तर मशीन ठाण्यात गेलं असतं. आणि ठाण्यातून ते चौथ्या दिवशी सुटलं असतं का? कागद ओढून दिला. त्यानं वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "आमच्या कारकुनापेक्षा बरं हाय. चला, बसा गाडीत." मामा पोतं शिवत म्हणाले, "मीच तासभर चालवून घेतलंय सायब." पोखर्णीच्या नरसिंहाला मी गाडीतूनच हात जोडले. गाडी पुढं सुटायला दोन तास गेले.

दुसऱ्या दिवशी खंडे नवमी. घरातली सगळी अवजारं धुऊन पुजायची. मामांनी ओळीनं मांडली. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आमचा कोयता, आणि कोयत्याच्या शेजारी माझं मशीन. आत्याबाई ताट घेऊन आल्या. मशीनपाशी वाकल्या, हातानं चाचपलं. "ह्याला कुंकू कुठं लावायचं गं? तोंड कुठलं ह्याचं?"

आता ह्यात त्यांची चूक नाही, ती माझीच. मला बोलायलाच नको होतं. पण मलाही वाटलं ना, की ह्याची पूजा नीट व्हावी. मीच त्यांचा हात धरून दांड्यांच्या खाचेवर नेला. "हे बघा आत्याबाई, इथून अक्षरं उठतेत."

"मंग हेच तोंड." त्यांनी तिथं बोटभर ओलं कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या.

आमच्याकडं पुजलेलं अवजार चालवत नाहीत. दसऱ्याला सोनं देऊन-घेऊन झाल्यावरच उचलायचं. म्हणजे दोन दिवस मशीन समोर आणि मला हात लावायची सोय नाही. मी पुन्हा तो पुठ्ठा काढला. अहो, घरात खरं मशीन असताना पुठ्ठ्यावर बोटं चालवणारी मी एकटीच असेन. हे येता-जाता बघायचे. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं द्यायला सगळी भावकी आली, चहापाण्यात दिवस गेला. मुकादमही आला. सोनं दिलं आणि म्हणाला, "परवा ट्रक." वरवरचे दाणे मी फडक्यानं झटकले, मशीन पोत्यात गेलं.

चाचणीला बारा-पंधरा जण होते. बायका दोनच, मी आणि एक मास्तरीण बाई. सगळ्यांची मशीनं टेबलावर. त्या मास्तरीण बाईकडं ती निळी पेटी होती, तीच असेल कशावरून, पण माझं लक्ष सारखं तिकडं. मामा बाहेर पायरीवर बसलेले. तपासनीस साहेब चष्म्यातून एकेकाकडं बघत सूचना सांगत होते. दहा मिनिटं. मशीन बिघडलं तर वेळ वाढवून मिळणार नाही. कागदावर नाव, सही, देवाचं नाव, कुठलीही ओळखीची खूण आढळली तर तो कागद रद्द.

शिट्टी वाजली. मी सुरू केलं. पहिल्या दोन ओळी पाण्यासारख्या गेल्या. तिसऱ्या ओळीत कान्याची दांडी वर गेली ती कागदाला चिकटूनच राहिली. बोटानं खाली ओढली. पुन्हा मारली, पुन्हा वरच. आणि मराठीत काना नाही असा शब्द तरी किती! मी जोरात मारली. तिच्याबरोबर शेजारच्या दोन दांड्या गुंतल्या. चारी बाजूंनी टकटक टकटक चाललेली आणि माझं मशीन मुकं. मी कळेवर मुठीनं मारणार होते. हात उचललेला मला आठवतोय.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून मामांच्या खोकल्याचा आवाज आला. दुसरं काही नाही, तंबाखूचा खोकला. पण माझा हात थांबला. मी उठले, कागद सोडवला, आणि ते अवजड धूड दोन्ही हातांनी उचलून टेबलावर पालथं केलं.

साहेब ओरडले, "बाई, काय चाललंय?"

मी बुडावर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. टेबलावर तांदूळ पडला. लाल, कुंकवानं माखलेला. मग आणखी एक. खाचेत आणखी एक अर्धा दाणा अडकलेला दिसत होता, तो मी केसांतल्या आकड्यानं टोकरून काढला. शेजारचा उमेदवार मारायचं थांबून बघायला लागला आणि त्याची ओळ चुकली, मला शिवी हासडली त्यानं. मशीन सरळ केलं, कागद लावला. काना मारला. गेला आणि परत आला.

किती वेळ गेला होता कुणास ठाऊक. मी मान वर केली नाही. घंटी वाजायची, रूळ ढकलायचा, घंटी वाजायची, रूळ ढकलायचा. शिट्टी झाली तेव्हा शेवटच्या परिच्छेदाची एक ओळ राहिली होती.

कागद बाहेर ओढला आणि मग माझ्या ध्यानात आलं. घामानं कुंकू भिजून माझ्या अंगठ्याला लागलं होतं, आणि कागदाच्या बरोबर मधोमध, अक्षरांवर, लाल ठसा. चांगला अंगठाभर. रेषा न् रेषा दिसायलेली.

साहेबांनी कागद हातात घेतला. "हे काय आहे? सूचना ऐकली नाही तुम्ही?"

"सायब, कुंकू हाय. नवमीला मशीन पुजलं होतं. आतच राहिलं."

"ते मला सांगू नका. जा."

बाकीच्यांचे कागद त्यांनी एका गठ्ठ्यात ठेवले. माझा एकटा बाजूला काढला, त्यावर वजन ठेवलं. मी दारापर्यंत जाऊन मागं वळून बघितलं. तो तिथंच होता.

मामांनी विचारलं, "चाललं का नीट?"

मी म्हणलं, "खडा होता."

त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं. गाडीत मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "जन्मभर मी लावलाय, कुणी रद्द न्हाई केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक वेशीत येऊन उभा राहिला. बायका भांडी-कुंडी घेऊन चढायल्या. मुकादम आमच्या दारात. चाचणीचा निकाल आठ दिवसांनी लागायचा होता. मी यांना सगळं सांगितलेलं होतं, लाल ठशासकट, साहेबांनी कागद वेगळा ठेवला त्यासकट. काही लपवलं नव्हतं. माझी बोचकी बांधून तयार होती, कारण मला तरी खात्रीच झाली होती. लेक दप्तर पोटाशी धरून दाराआड उभी.

हे मला म्हणाले, "काना नीट आला का नंतर?"

"आला."

"सगळीकडं?"

"एक ओळ राहिली. बाकी सगळीकडं."

त्यांनी मुकादमाला सांगितलं, "औंदा आमचा कोयता न्हाई."

"मंग काय खाणार?"

"बघू." एवढंच म्हणाले, आणि माझं बोचकं उचलून घरात आणून ठेवलं. ट्रक गेला. गाव एकदम रिकामं झालं. ते आठ दिवस कसे गेले ते सांगत नाही. हे दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे, मी ज्वारीत खुरपायचे, घरात कुणी मशीनचं नाव काढत नव्हतं. पोतं कोपऱ्यात तसंच. आत्याबाई मात्र रोज दिवा लावून तिकडं हात जोडायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं गं." मी म्हणलं, "हात तुमचा होता, धरला मी होता."

नवव्या दिवशी मी एकटी परभणीला गेले. कचेरीच्या भिंतीवर जाळीच्या आत यादी. वरून वाचत आले, माझं नाव नाही. पुन्हा वरून आले. मग कुणीतरी म्हणालं, "खाली बघा बाई, पान उलटतंय वाऱ्यानं." शेवटच्या ओळीवर कागदाचा कोपरा दुमडला होता. जाळीतून बोट घालून मी तो सरळ केला. तिथं मी होते.

त्या कचेरीत मी निवृत्त होईपर्यंत होते. लेकीनं चौथी एकाच वर्षात केली, पुढचंही केलं. काळ्या मशीनवर मी पुष्कळ लोकांचे अर्ज मारून दिले, घरी बसूनसुद्धा. कागद तिथं का वेगळा ठेवला होता आणि नाव तरी मग कसं लागलं, हे मात्र मला बरीच वर्षं कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. ते साहेब बदलून गेले.

मग एकदा आस्थापनेच्या जुन्या फायली लावायचं काम माझ्याकडंच आलं. त्यात माझीही फाईल. आत माझा तो कागद. ठसा विटकरी झालेला. त्याच्या शेजारी निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, साहेबांनी लिहिलं होतं: "यंत्राच्या पूजेचे कुंकू. यंत्र माझ्यासमोर उलटे करून दाणे काढले. ओळखीची खूण समजू नये." आणि खाली सही.

मी फाईल बांधली, जागेवर ठेवली. घरी येऊन मामांना वाचून दाखवावं म्हणून मी तेवढं कागदावर उतरवून आणलं होतं. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले. दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "उलटं करून बघितलंस म्हणून लिव्हलंय का त्यानं? दाखव कुठं लिव्हलंय ते." मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.